देवीदासजींच्या छतातला चंद्र

रायपूरच्या गुढियारीत देवीदास खोब्रागडे यांचं घर कोणतं, हे आता विचारावं लागत नाही. भर दुपारी ज्या घराचे पडदे कुणी हात न लावता वर-खाली होताना दिसतील, ते त्यांचं. आणि त्या पडद्यांपुढे मोबाइल धरून, दरबार भरवल्यासारखा जो उभा असेल, ते देवीदासजी.

उभी हयात रेल्वेच्या सिग्नल खात्यात गेली. निवृत्त झाले, पण लाल-हिरवं करायची हाताची खाज काही जाईना. तिकडे त्यांच्या बोटावर गाड्या थांबायच्या. घरात मांजरसुद्धा थांबेना. बायको सत्यभामाबाई सगळं ऐकून घ्यायच्या आणि आपलंच करायच्या. पोट्टी साक्षी, मराठीत हाक मारली की हिंदीत ओ देणारी, "हाँ पापा, बाद में" म्हणत निघून जायची. शेवटी देवीदासजींनी ऐकणारी मंडळी विकतच आणली. खिडक्यांना मोटरीचे पडदे आले. बैठकीच्या खोलीवरचा स्लॅब फोडून तिथे उतरती काच बसली. फोनवर बोट लावलं की ती उघडते आणि मिटते, तिच्याखाली एक जाड काळा पडदा सरकतो. बाहेर काचेशेजारी काडेपेटीएवढी डबी आहे. तिला पाऊस कळतो. थेंब पडला की ती काच मिटते, आणि पाऊस गेल्याची खात्री पटेपर्यंत कुणाच्या बापाचं ऐकत नाही. विजेला सत्यभामाबाई घाबरतात, म्हणून पावसात काळा पडदा आणि खिडक्यांचे पडदेही ओढले जावेत, ही अक्कल देवीदासजींची स्वतःची.

त्या दिवसापासून गच्ची बंद. काचेवर पाय पडेल, डबीला धक्का लागेल, डाळीच्या बड्या वाळवल्या तर कावळे येतील. रायपूरच्या उन्हाळ्यात संध्याकाळी गच्चीवर पाणी मारून खाटा टाकायच्या, ही या घराची जुनी रीत. तीही गेली. "मले माह्याच गच्चीवर जायले आता खिडकीची परवानगी लागते," असं सत्यभामाबाई भाजीवालीलासुद्धा सांगायच्या. देवीदासजी मात्र भेटेल त्याला एकच वाक्य ऐकवायचे. सिग्नल कधी खोटं बोलत नाही, माणूस बोलतो.

एवढ्यावर भागलं असतं तर गल्लीनं सोडून दिलं असतं. पण यंदा विहारात रविवारी सगळे जमलेले असताना हे उभे राहिले. बुद्धपौर्णिमेची वंदना आपल्या घरी, असं जाहीर केलं. वंदना सुरू होताच छत आपोआप उघडेल आणि चंद्र थेट बुद्धमूर्तीवर उतरेल. लोकांनी मान डोलावली. काहींनी तर एकमेकांकडे बघूनसुद्धा डोलावली. आता चंद्र उतरला नाही तर या माणसाला विहाराच्या फाटकातून जाताना खाली बघावं लागणार, हे सगळ्यांना कळत होतं. देवीदासजींनाही कळत होतं, कारण आठवडाभर त्यांचं जेवणावर लक्ष नव्हतं. आदल्या रात्री तालीम झाली. छत उघडलं, चांदणं मूर्तीच्या कपाळावर आलं, आणि हे अंधारात एकटेच हसले.

पौर्णिमेच्या दिवशी आमंत्रणं इतकी झाली, की खीर वाटायला गच्चीच उघडावी लागली. स्लॅब तव्यासारखा तापलेला. मग दिवस कलताना देवीदासजींनी पाइप हातात घेतला. उत्साह तर असा, की पाणी मारता मारता काचही धुतली. चंद्राला धुळीतून यावं लागू नये ना! तिच्या कडा धुतल्या, आणि शेजारची ती डबीही प्रेमानं न्हाऊ घातली.

मंडळी आली. पांढरी लुगडी, पांढरे सदरे, खालच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. देवीदासजींनी दिवे घालवायला लावले, घसा साफ केला आणि बोट टेकवलं.

"बारिश हो रही है. छत बंद रहेगी," फोनमधली बाई म्हणाली.

बाहेर मे महिना. अंगणातला मोगराही लूच्या झळांत करपलेला. यांनी पुन्हा बोट टेकवलं. बाई पुन्हा तेच म्हणाली, शिवाय पावसाचा नियम पाळून खिडक्यांचे पडदेही एकामागून एक खाली आले. कोपऱ्यात कुणाला तरी खोकल्याची उबळ आली. ती उबळ नव्हती.

विहारातल्या सर्वांत वडीलधाऱ्या अंजनाबाई काळोखातूनच म्हणाल्या, "देवीदास, पाऊस कोठं पडून राहिला रे? माह्ये पापड वाळत हायेत."

"मावशी, यंत्र खोटं बोलत नाही."

"मंग पोट्ट्यायले छत्र्या आणाले धाडू का?"

त्यानंतर खोकल्याचं सोंग कुणी केलं नाही. घामानं निथळत माणसं मोकळेपणी हसली. बोट टेकवून टेकवून देवीदासजींचा अंगठा फोनवर घसरायला लागला, तशा सत्यभामाबाई उठल्या. मेणबत्ती पेटवली, मूर्ती छातीशी धरली. "चंद्र वरतेच हाय. आपणच जाऊ," एवढंच म्हणाल्या, आणि आपल्या गच्चीकडे निघाल्या. मागोमाग सगळं घर रिकामं झालं. जिन्यात पायाला पाणी लागलं तेव्हा साक्षी मागे वळून म्हणाली, "पापा, सेन्सर तो आपने ही धोया ना."

देवीदासजी गेले नाहीत. वर जाणं म्हणजे हार. सिग्नलवाला जागा सोडत नाही, असं मनाला समजावत ते मूर्तीच्या रिकाम्या चौरंगाशेजारी फोन घेऊन बसले. डोक्यावरून वंदनेचा स्वर ऐकू येत होता, ओल्या स्लॅबचा गारवा माणसांना मिळत होता, आणि यांच्या वाट्याला कोंडलेली वाफ.

वर खिरीच्या वाट्या फिरायला लागल्या तेव्हा डबी वाळली, आणि खालचं बोट एकदाचं लागू पडलं. काळा पडदा सरसर सरकला, काच उघडली, आणि गच्चीवरच्या साऱ्या माना त्या उघड्या भोकाकडे वळल्या. खाली चौरंग लख्ख उजळला होता. त्यावर काहीच नव्हतं. शेजारी देवीदासजींचं टक्कल पण चंद्रानं तेवढ्याच मनापासून उजळलं होतं.

अंजनाबाईंनी काठावर बसून वाटी आत धरली. "घे, देवीदास. चंद्र आला, आता खीर घे."

त्यांनी मान वर केली, पण हात पोचेना. यंत्रानं छत उघडलं होतं. वर यायला मात्र जिनाच चढावा लागणार होता.