सात कडुनिंब आणि एक निनावी अर्ज

कुंभारीच्या रस्त्याला आमची कॉलनी झाली तेव्हा आजूबाजूला ज्वारीची रानं होती. बघता बघता शहर आम्हाला ओलांडून पुढे गेलं. मध्ये एकच जागा मोकळी राहिली, लेआउटमध्ये बागेसाठी सोडलेली. सगळे तिला ओपन स्पेस म्हणायचे. बाग काही झाली नाही, पण मी शाळेतून निवृत्त झालो आणि कॉलनीच्या फळ्यावर सूचना लिहिण्याबरोबर त्या जागेची राखणही माझ्याकडे आली. म्हणजे मीच ती घेतली. खिडकीतून सगळं दिसायचं.

मी मुळातच संशयी. जन्मभर पोरांच्या कॉप्या पकडल्या की माणूस असाच होतो. त्यात इथली मोकळी जागा कशी गिळली जाते, हे डोळ्यांनी पाहिलेलं. आधी एखादं झाड येतं, मग झाडाला कुंपण, मग बसायला फरशी, मग पत्र्याचं शेड. शेडला विजेचं मीटर लागलं की विषय संपला.

म्हणून समोरच्या गृहस्थांनी तिथे कडुनिंबाची सात रोपं लावली तेव्हा माझे कान टवकारले. ते मैंदर्गीकडचे, यंत्रमागावर राबून निवृत्त झालेले, मितभाषी. न बोलणारा माणूस मला बोलणाऱ्यापेक्षा घातक वाटतो. फोनवर मात्र ते कन्नडमध्ये भरभरून बोलायचे. त्यांच्या घरची भाषाच ती, पण मला वाटायचं, आमच्यापासून लपवण्यासारखं काहीतरी असणार. आणि पाणी? आम्हाला चार-चार दिवसांनी नळ, आणि हे रोज रोपांना बादल्या ओतणार. चोरून कनेक्शन घेतलंय, असं मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, कपडे धुतलेलं पाणी आहे ते, फेस दिसत नाही का. फेस दिसत होता. तरी मला पटलं नाही.

मग एके दिवशी त्यांनी रोपांभोवती बांबू रोवले, बाभळीच्या काट्या लावल्या, वरून हिरवी जाळी ताणली. माझ्या हिशेबाने ही दुसरी पायरी. मी त्याच दुपारी महापालिकेच्या ऑफिसला अर्ज लिहिला, सार्वजनिक जागेवर अतिक्रमण चालू आहे, तातडीने कारवाई व्हावी. खाली ‘एक जागरूक नागरिक’. माणूस रोज समोरासमोर येणारा, नाव घालायची हिंमत झाली नाही.

आठवड्याभरात ऑफिसची माणसं ट्रक घेऊन आली आणि बांबू, काट्या, जाळी सगळं उचलून घेऊन गेली. गृहस्थ फाटकात उभे होते. आलेल्यांनी एक कागद दाखवला, तो त्यांनी वाचला आणि परत दिला. भांडले नाहीत. त्यांचं ते न भांडणंसुद्धा मला खटकलं. चार दिवसांत शेळ्यांनी सातही रोपं बुडख्यापर्यंत खाल्ली. त्यानंतर बादली घेऊन कुणी आलं नाही.

पुढे तिथे कुणाच्या तरी बांधकामाची वाळू पडली, मग गाड्या लागायला लागल्या. त्यातली एक माझ्या मुलाची. तिचा मला कधी संशय आला नाही.

मागच्या मे महिन्यात बायको भर दुपारी तिथे रिक्षाची वाट बघत उभी होती. घेरी आली, टेकायला गाडीला हात लावला तर पत्रा तापलेला, ती तिथेच खाली बसली. मी खिडकीत होतो, पण जिना उतरून पोचेपर्यंत समोरच्यांनी तिला उठवून आपल्या ओट्यावर बसवलं होतं आणि पाणी पाजलं होतं. मला स्वतःची मनापासून लाज वाटली.

संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चहा मांडला. मी म्हटलं, पुन्हा झाडं लावा, आता कुणी आडवं येणार नाही, मी बघतो. बोलताना त्यांच्या डोळ्यांत बघवत नव्हतं.

“लावतो की,” ते म्हणाले. “पण आदी परवानगीचा अर्ज देऊ. तुमीच लिवा, सर. कॉलनीच्या फळ्यावरचं तुमचं अक्षर रोज वाचतो मी. त्या ट्रकवाल्यांनी कागद दावला, तवाच वळखलं.”

मी कप खाली ठेवला. तीन वर्षं हा माणूस मला रोज नमस्कार करत होता. ते आत गेले, कोरा कागद आणि पेन घेऊन आले आणि माझ्यासमोर ठेवून म्हणाले, “या येळी खाली नाव तेवडं घाला.”