क्रेट वजा जाता मांजर

आमच्या घरात औषध देण्याचं काम माझ्याकडे आहे. कुणी ते सोपवलं नाही, पण चमचा अर्धा भरला की पाऊण हे मलाच दिसतं, म्हणून ते माझ्याकडे आलं. सासऱ्यांच्या गुडघ्याच्या गोळ्या, ह्यांचं बीपीचं औषध, गाईची पावडर, सगळं माझ्या हातून जातं. मांजराचं औषध मात्र त्या दिवसापर्यंत कधी द्यावं लागलं नव्हतं.

शिनोलीच्या पुढे रस्त्याला लागूनच आमचं घर आहे. अंगणाच्या कडेला टोमॅटोचे रिकामे क्रेट एकावर एक रचलेले असतात. आमची मांजरी त्या ढिगावर उन्हाला बसायची. एका सकाळी वरचे दोन क्रेट घसरले आणि त्यांच्याबरोबर तीही खाली आली. मागचा डावा पाय उचलून धरत ती सासऱ्यांच्या खाटेखाली गेली आणि तिथेच बसून राहिली. दुधाला तोंड लावेना. उचलायला गेलं की गुरगुरायची. आठ वर्षांत तिने कुणावर दात काढले नव्हते.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. त्यांचं तरुणपण मेंढरांमागे गेलं. आता गुडघे चालत नाहीत, त्यामुळे दिवसभर खाटेवर असतात आणि मांजरी त्यांच्या मांडीवर. सासूबाई गेल्यापासून त्यांच्या ताटातला पहिला घास तिचा असतो. तिने खाल्लं नाही म्हणून त्या दुपारी मामांनीही भाकरी अर्धीच खाल्ली.

मी पाण्याचा तांब्या घेऊन आले तर मामा आपल्या गोळीचा नखाने तुकडा पाडत होते. समोर वाटीत दूध.

"मामा, काय करताय?"

"पाव देतो तिला. दुखणं तिचं बी त्येच, माझं बी त्येच."

मी वाटी उचलली. ही तापा-दुखण्याची गोळी मांजराला चालत नाही, हे मला आधीच ठाऊक होतं. मांजराच्या शरीराला ती पचवता येत नाही. पाव तुकड्यानेही जीव जाऊ शकतो.

"ही मांजराला विष आहे."

"इख? मी रोज खातो. मला झालं का इख?"

"तुम्ही मांजर नाही."

"मेंढराला दिली की आमी. लई मेंढरं उठली."

मेंढराचं आणि मांजराचं एक नाही, हे मी तीनदा सांगितलं. शेवटी गोळ्यांचं पाकीट कपाटात ठेवून किल्ली पदराला बांधली. मामा तोंड फिरवून बसले.

त्याच दिवशी गाईसाठी खाजगी डॉक्टर यायचे होते. गाय पाहून झाल्यावर मी त्यांना मांजरी दाखवली. त्यांनी पाय चाचपला, हाड मोडलेलं वाटत नाही म्हणाले, आणि गाईला टोचलेल्या बाटलीतूनच थोडं औषध पिचकारीत ओढायला लागले.

"डॉक्टर, यात काय काय आहे?"

"दुखण्याचं आहे, वहिनी. गाईला एका दिवसात गुण येतो."

मी बाटली मागून घेतली आणि चष्मा लावून वाचली. दोन औषधं एकत्र होती. एक दुखण्या-सुजेचं, आणि दुसरं तेच, मामांच्या गोळीतलं.

"हे दुसरं मांजराला चालत नाही."

"एवढुसं तर देतोय. अंदाजानं."

"कितीचा अंदाज?"

ते हसले. वाईट माणूस नाही तो. आमची दोन वासरं त्याच्याच हातून जगली आहेत. पण चारशे किलोच्या जनावराला जो अंदाज चालतो तो मांजराला चालत नाही, हे त्याला पटवायला माझ्याकडे शब्द नव्हते, फक्त बाटलीवरचं लेबल होतं. त्याने पिचकारी रिकामी केली. "मग तुम्हीच द्या बघून," म्हणाला, आणि मोटारसायकलला किक मारली. मामा खाटेवरून बोलले, "घालवलास डाक्टर."

मी पुण्याच्या डॉक्टरांना फोन केला. मागे मांजरीचं ऑपरेशन त्यांनीच केलं होतं. तीन वेळा लागला नाही, चौथ्यांदा लागला. व्हिडिओवर त्यांनी तिला पाहिलं. दोन दिवसांत घेऊन या म्हणाले, पण तोवर दुखणं कमी करायला एक पातळ औषध सांगितलं. गाईच्या बाटलीतलं पहिलं औषध, एकटं.

मग एकेक अट आली. हे औषध मूत्रपिंडावर जातं. पोटात पाणी नसताना ते देऊ नका. उपाशी पोटी देऊ नका. मांजराच्या बाबतीत गुण येणारी मात्रा आणि त्रास देणारी मात्रा यांत अंतर थोडं असतं, म्हणून वजन नेमकं हवं. जुनं वजन चालणार नाही, आजचं हवं.

म्हणजे असं: दुखतंय म्हणून ती खात-पीत नाही, आणि खात-पीत नाही म्हणून दुखण्याचं औषध देता येत नाही. मी त्यांना तसं म्हटलंही. ते म्हणाले, "हो, ते खरं आहे." हे ऐकून काय करायचं ते मला कळेना.

औषध जुन्नरला मिळालं. बाजारपेठेतल्या गल्लीत जनावरांच्या औषधांचं दुकान आहे. मालक चाचा डब्यातून बाटली काढताना म्हणाले, "ताई, ये कुत्ते का है. मांजरवालं आमच्याकडे कोण मागतंय?" बाटलीसोबत पिचकारी होती आणि तिच्यावर किलोच्या खुणा, पण कुत्र्याच्या किलोच्या. मांजराला त्या खुणा लागू नाहीत. औषध तेच, खुणा मात्र दुसऱ्याच जनावराच्या, आणि मांजराविषयी आत ठेवलेल्या कागदावर एक ओळ नाही. एसटीत बसून मी तो कागद मागून-पुढून दोनदा वाचला. ज्या घरात कुत्रा आहे त्या घरात मांजरही असतं, हे कागद छापणाऱ्याला ठाऊक नसावं.

घरी येईपर्यंत मामांनी बोट बुडवून बुडवून तिला पाणी चाटवलं होतं. माशाच्या पाण्यात भिजवलेली भाकरी तिने चार घास खाल्ली. आता उरलं फक्त वजन.

ह्यांनी टोमॅटोचा काटा अंगणात आणला. मांजरीला क्रेटमध्ये ठेवलं, उडी मारू नये म्हणून वरून गोणपाट बांधलं, काट्यावर ठेवलं. आकडा स्थिर होईना, ती आत फिरत होती. शेवटी चार किलो आठशेवर थांबला.

"क्रेट गेलं, तीन तीनशे," हे म्हणाले.

मी तीन किलो तीनशे धरून हिशेब केला, डॉक्टरांना पाठवला, त्यांनी बरोबर म्हणून कळवलं. मात्रेचा आकडा मी इथे लिहीत नाही. तो आमच्या मांजरीचा होता. तुमच्या मांजराचं वजन आणि त्याची मूत्रपिंडं मला माहीत नाहीत. मामांनी तिचं डोकं धरलं, मी गालाच्या कडेने पिचकारी घातली. तिने ओठ चाटल्यासारखं केलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिची कोण लागते तेच तिला आठवेना.

मग क्रेट ढिगावर ठेवायला उचलला आणि माझा हात थांबला. जड होता. हा जुना, जाड प्लास्टिकचा. वरचं गोणपाट तर ओलं. सकाळी माल झाकून त्यावर पाणी मारलं होतं. मी दोन्ही तशीच काट्यावर ठेवली. दोन किलो चारशे.

"अहो, बारदान किती धरलंत?"

"क्रेटचं दीड. नेहमीचंच."

नेहमीचंच! आमच्या घरी माल मोजताना क्रेटमागे दीड किलो वजा करतात. कुठलाही क्रेट असो, ओला असो, गोणपाट बांधलेलं असो, दीड. वीस किलो टोमॅटोत पाचशे-नऊशे ग्रॅम इकडेतिकडे गेले तर कुणी बघत नाही, आणि शंभर क्रेटांत ते सरासरीत बसतं. पण शंभर मांजरी नव्हत्या, एकच होती, आणि तिचं वजन दोन किलो चारशे होतं. मी तिला सव्वापटीहून जास्त औषध दिलं होतं.

मी ह्यांच्यावर ओरडले. हे म्हणाले, "तू पण उभी होतीस की काट्याजवळ." ते खरं होतं, म्हणून मला आणखी राग आला.

डॉक्टरांनी फोन लगेच उचलला. एकदाच दिलंय, तेवढ्याने बहुधा काही होणार नाही, पण उद्याची मात्रा देऊ नका. पाणी जाऊ द्या, आणि लघवी होते का त्यावर लक्ष ठेवा. उलटी झाली किंवा लघवी बंद झाली तर थांबू नका, सरळ घेऊन या. मग म्हणाले, "मलाही तीन तीनशे जरा जास्तच वाटलं होतं."

वाटलं होतं तर बोलायचं ना! हे मी फोन ठेवल्यावर बोलले.

मांजरी परसात राखेच्या ढिगावर जायची. मामांनी खाट तिथे नेऊन ठेवायला लावली आणि राखेकडे तोंड करून बसले. मी दर थोड्या वेळाने वाटीतलं पाणी पुढे करायची. तीही बिचारी तीन पायांवर बसून आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघायची. औषधाचा गुण आलेला दिसत होता. पाय चाचपला तरी गुरगुरत नव्हती. ते बघून बरं वाटावं की भीती वाटावी, ठरवता येईना.

उन्हं कलल्यावर मामांची आरोळी ऐकू आली. "मुतली! अगं ए, मुतली!"

रस्त्याने जाणारा शेजारी थांबला. "काय झालं, राव? कोण आलं?"

"कोन न्हाई. मांजरी मुतली."

"मग पेढे वाटा की," तो म्हणाला आणि हसत पुढे गेला. मी राख पाहून आले. चांगला ओला खड्डा होता.

दुसरा दिवस जास्त वाईट गेला. औषधाचा असर उतरला, पाय पुन्हा दुखायला लागला, आणि मात्रा तर द्यायची नव्हती. ती मामांच्या मांडीवर बसून बारीक, एकसुरी ओरडत राहिली. मी पाण्याची वाटी घेऊन गेले तेव्हा मामा म्हणाले, "हिशेब तुमचा चुकला. सोसायचं हिनं?"

मी म्हटलं, आज परत दिलं तर मूत्रपिंड जाईल.

"जाईल का जाऊ शकतं?"

"जाऊ शकतं."

"आन् दुखतंय ते? ते तर दुखतंयच."

 एका बाजूला कदाचित, दुसऱ्या बाजूला नक्की, आणि तरी मी कदाचितच्या बाजूने उभी होते. चिडून मी त्यांची गोळी काढली आणि पुढे केली.

"नगं. तिला न्हाई तर मला बी नगं."

आता दोन रोगी झाले. दिवसभर त्यांनी गोळी घेतली नाही. उठताना खाटेचा खूर धरून कण्हायचे, आणि मी ऐकतेय ना हेही बघायचे.

तिसऱ्या दिवशी आम्ही तिला पुण्याला नेलं. काच-बंद खोलीतल्या छोट्या काट्यावर तिचं वजन झालं: दोन किलो तीनशे ऐंशी. हाड शाबूत होतं, सांधा सुजला होता. मूत्रपिंडाची तपासणी ठीक आली. डॉक्टरांनी नवी मात्रा सांगितली, थोडेच दिवस, आणि म्हणाले की हा सांधा थंडीत पुन्हा कुरकुर करणार. तेव्हा काय करायचं, विचारलं. तेव्हा परत वजन करा, परत रक्त तपासा, परत ठरवू, म्हणाले. एकदाचं ठरवून टाकता येईल असं यात काहीच नव्हतं.

घरी आल्यावर मी मामांच्या तळहातावर त्यांची गोळी ठेवली आणि त्यांच्या मांडीवरच मांजरीला औषध पाजलं. या वेळी ती फारशी झगडली नाही. थोड्या वेळाने खाली उतरून दूध प्यायली. मामांनी गोळी हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"हिचं दोनदा वजन केलंस. माझं कधी केलंवतं गं?"

 ती गोळी ते किती वर्षं घेत आहेत हे मला सांगता येतं. दिवसातून किती हेही. त्यांचं वजन मला ठाऊक नव्हतं, आणि रक्त शेवटचं कधी तपासलं तेही नाही.

काटा अजून अंगणातच होता. मी तो पुसला, शून्यावर आणला, आणि ह्यांना एका बाजूने आधाराला उभं केलं.

"या मामा," म्हटलं. "चपला काढून. आणि काठी ह्यांच्याकडे द्या."