ताटावर विचारलेला प्रश्न

आमच्या कंपनीत दरवर्षी कोणत्या संस्थांना मदत करायची, हे ठरवायला एक समिती आहे. तिच्यात कारखान्याचे प्रमुख, म्हणजे आमचे साहेब, मूळचे पुण्याचे. हिशेब खात्यातल्या मॅडम. आणि कामगार खात्यातला मी. मला का घेतलं तर मी इथला, मला इथली बोली येते. माझी बोली पहूरकडची आणि धुळ्याची वेगळी, हे मी एकदा सांगून पाहिलं. साहेब म्हणाले, खानदेशी ती खानदेशी. मग मी तो विषय सोडला.

पूर्वी हे काम सोपं होतं. मालकांच्या मनात येईल त्याला पैसे जायचे, बहुतेक वेळा देवळाला किंवा कुस्त्यांना. आता कायदा आला, मुंबईच्या ऑफिसातून नियम आले, आणि ज्यांचे फोटो चांगले त्यांचं नशीब उघडलं. कॉम्प्युटरवर रंगीत आलेख दाखवणाऱ्या संस्थेसमोर साधी माणसं टिकत नाहीत, हे मी या समितीत बसून शिकलो.

गेल्या वर्षी शेवटी दोनच नावं उरली. एक जळगावची संस्था, तिला रस्त्याकडेला बाकं टाकायची होती, प्रत्येक बाकावर कंपनीचं नाव. दुसरं धुळ्याच्या एका अक्कांचं स्वयंपाकघर. दवाखान्यात पेशंटबरोबर खेड्यांतून नातेवाईक येतात. पेशंटची सोय होते, यांच्या पोटाचं कोणी बघत नाही. अक्का आणि त्यांच्या ओळखीच्या शेतकरी घरांतल्या चार बायका या लोकांना रोज कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी आणि पातळ भाजी देतात, फुकट. जागा भाड्याची होती आणि मालकाला ती परत हवी होती. एका शेतकऱ्याने जवळच मोकळी जागा देऊ केली होती, पण तिच्यावर पत्र्याचं शेड हवं होतं. ते झालं नाही तर दिवाळीनंतर चूल बंद. अर्जात हे सगळं होतं. पण साहेबांचा नियम असा की अर्जावर विश्वास ठेवायचा नाही, समोर बसून विचारायचं.

आम्ही धुळ्याला पोचलो ते नेमके जेवणाच्या वेळेला. जेवणाच्या वेळेला आलेला पाहुणा आमच्याकडे उपाशी जात नाही, मग तो तपासायला आलेला का असेना. सतरंजी टाकलेलीच होती. वरण-बट्टी, वांग्याची भाजी, वर तुपाची धार. मॅडमनी बट्टी कशी चुरायची ते मला हळूच विचारलं. साहेब आनंदाने जेवत होते, आणि जेवता जेवता त्यांनी फार अदबीने विचारलं, "अक्का, तुम्हाला इथे काय कमी आहे?"

अक्का हातात बट्ट्यांची परात घेऊन उभ्या होत्या. "काहीच कमी नही, साहेब. बठ्ठं शे. तुम्ही जेवा."

मी मध्ये बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे डोळे वटारून बघितलं आणि माझ्या ताटात आणखी एक बट्टी टाकली. मी ती चुरायला घेतली.

परतताना पारोळा येईपर्यंत साहेब त्या बाईच्या प्रामाणिकपणाचं कौतुक करत होते. स्वतःच्या तोंडाने कमी काही नाही म्हणणारी संस्था त्यांनी पहिल्यांदा बघितली होती. शिवाय एवढं तूप परवडतं म्हणजे बरं चाललेलं दिसतं. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, तूप त्या बायकांनी आपापल्या घरून आणलं होतं, आपल्यासाठी. आणि जेवणाऱ्याने काय कमी आहे विचारलं तर घरची बाई दुसरं काय सांगणार? साहेब म्हणाले, प्रश्न स्पष्ट होता, उत्तरही स्पष्ट होतं. मोकळेपणाने बोलता यावं म्हणून तर त्यांनी मुद्दाम जेवताना विचारलं होतं. एवढ्या शिकलेल्या माणसाला हे समजू नये याचा मला राग आला, आणि तो मी लपवलाही नाही.

बैठकीत बाकांचं जवळजवळ ठरलंच होतं. मी हट्टच धरला की अक्कांना एकदा फोन लावा. मॅडम म्हणाल्या, विचारायला काय जातंय. साहेबांनी नाइलाजाने फोन स्पीकरवर टाकला आणि तोच प्रश्न तसाच पुन्हा विचारला.

पलीकडून आधी प्रश्न आला, "जेवनात का साहेब?"

साहेब म्हणाले, हो, जेवण आत्ताच झालं.

"मंग सांगस. आम्हले जागा नही. पत्रासना शेड पाह्यजे. ते नही झाये तर दिवायीनंतर चूल बंद."

साहेबांनी विचारलं, मग त्या दिवशी का नाही बोललात?

"तुम्ही ताटवर व्हतात ना. तव्हय सांगती, तर तुम्हना घास उतरता का?"

साहेबांनी फोन ठेवला, चष्मा काढून पुसला आणि मॅडमना म्हणाले, शेडचं लिहा. बाकं राहू द्या. मला बरं वाटलं, फार बरं वाटलं. पण घरी जाताना एक गोष्ट डोक्यात आली आणि ती अजून गेलेली नाही. बैठक खरं तर जेवणाआधी होती. लाइट गेली म्हणून ती जेवणानंतर घेतली. ठरल्या वेळी फोन लागला असता तर साहेब, नाही, अजून जेवायचंय म्हणाले असते, अक्का त्यांना आधी जेवून घ्या एवढंच म्हणाल्या असत्या, आणि रस्त्याकडेला आज आमच्या नावाची बाकं असती.