आतोबांची रुई

माझ्या आत्याच्या यजमानांइतका काळजी करणारा माणूस अंबरनाथ पूर्वेत झाला नाही, आणि रेल्वेच्या दोन्ही बाजू धरल्या तरी पुढे होईल असं मला वाटत नाही. आम्ही त्यांना आतोबा म्हणायचो. आनंदनगरच्या एका रंगाच्या कारखान्यात ते सेफ्टी ऑफिसर होते. म्हणजे काळजी करण्याचाच पगार त्यांना मिळे. पण ड्यूटीच्या वेळात ती सगळी काही संपत नसे, आणि उरलेली ते घरी घेऊन येत. गॅस बंद केलाय ना हे बघायला ते अर्ध्या रस्त्यातून परत फिरत, आणि कुलूप उघडून आत आल्यावर, मघाशी हे कुलूप नीट लागलं होतं की नाही ते आता कधीच कळणार नाही, म्हणून हळहळत. आत्याला मंडईतून यायला जरा उशीर झाला की ते फाटकाशी जाऊन उभे राहत. ती दिसली की आनंद व्हायच्या ऐवजी रागवत, कारण तोवर त्यांनी तिला मनातल्या मनात एखाद्या ट्रकखाली घातलेलं असे. मला उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये बँकेत नोकरी लागली तेव्हा मी पेढे द्यायला गेलो. पेढा हातातच धरून त्यांनी विचारलं, "तुमच्या बँकेला मागचं दार आहे का?" आग लागली तर, म्हणून.

त्यांच्या दारात रुई आली तीही काळजीपोटीच. कुणीतरी त्यांना साडेसाती चालू असल्याचं सांगितलं आणि दर शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालायला लावली. देवळाबाहेर मिळणाऱ्या माळेतली पानं ताजी असतील का, मुळात ती रुईचीच असतील का, ही शंका त्यांना छळू लागली. शेवटी त्यांनी तळमजल्याच्या घरामागे, कंपाउंडच्या भिंतीलगत स्वतःच रुई लावली. तिचा चीक डोळ्यांत जाणं वाईट, म्हणून ते कारखान्यातला चष्मा आणि रबरी हातमोजे घालूनच पाणी घालत. पहिल्या पावसाळ्यातच पानांवर अळ्या दिसल्या, काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या, अंगावर काळी शिंगं असलेल्या. आतोबा फवारणीचा पंप घेऊन धावले. आत्यानं त्यांना दारातच अडवलं आणि म्हणाली, दोन दिवस बघू या तरी काय करतात. काही दिवसांनी रुईच्या पानाखाली एक फिकट हिरवा कोश लटकला, वर सोन्याचे बारीक टिपके दिल्यासारखा, आणि एका सकाळी त्यातून केशरी फुलपाखरू बाहेर आलं, काळ्या काठाचं, त्यावर पांढरे ठिपके. आतोबांनी त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा कारखान्यात उशीर केला.

त्यानंतर घरातल्या माणसांवरची त्यांची सगळी काळजी अळ्यांवर गेली आणि आत्या मोकळेपणानं मंडईत जाऊ लागली. आमच्या गल्लीत लोक नर्सरीतून गुलाब आणत. आतोबा मोकळ्या प्लॉटांवरून घाणेरी आणि खुळखुळा उपटून आणत, कारण मोठ्या फुलपाखरांना मध लागतो. ही रानटी झुडपं कुणाला दिसू नयेत म्हणून ती वर्तमानपत्रात गुंडाळून, छातीशी धरून, आडवाटेनं आणत; त्यामुळे आतोबा काहीतरी भलतंच घेऊन येतात असा गल्लीचा समज झाला होता. कुठल्याशा मासिकात त्यांनी वाचलं, की याच कुळातलं अमेरिकेतलं मोनार्क नावाचं फुलपाखरू थंडी पडली की हजारो मैल उडत जातं. इतरांना कौतुक वाटलं असतं. आतोबांची झोप उडाली. आपली कुठे जात असतील, वालधुनी नदीवरून जाताना तिच्यातल्या केमिकलच्या वासानं त्यांना चक्कर येत असेल का, असं ते मला विचारत, आणि मी तिथून रोज नोकरीला जातो म्हणून मला त्याचं उत्तर ठाऊक असेल असं त्यांना वाटे.

शनिवार हा सगळ्यात वाईट दिवस. रुई दारात आहे म्हटल्यावर सगळी बिल्डिंग माळेसाठी पानं मागायला येई. देवाच्या नावानं मागितलेली पानं नाकारणं शक्य नव्हतं, आणि प्रत्येक पानामागे मोहरीपेक्षा लहान अंडं असण्याची शक्यता होती. आतोबा भिंग लावून पान न् पान तपासून देत. आंघोळ करून, सोवळ्यानं आलेले लोक ताटकळत उभे राहत. एकदा वरच्या मजल्यावरच्या वहिनी त्यांची वाट न बघता पानं तोडून घेऊन गेल्या. आतोबा बनियनवर देवळापर्यंत पळत गेले. माळ मारुतीच्या गळ्यात पडलेली होती. पुजाऱ्याला त्यांनी माळ खाली घ्यायला लावली आणि तिच्यातून खरोखरच एक बोटभर अळी शोधून काढली. "मारुतीरायाला चाललं असतं हो," ते पुजाऱ्याला म्हणाले, "पण हिला उपास घडला असता." मग मारुतीला राग आला असेल का, या काळजीनं त्यांनी पुढचे कितीतरी शनिवार दोन-दोन माळा घातल्या.

एका पावसाळ्याच्या अखेरीस घरातली मच्छरदाणी फाटली आणि आत्यानं त्यांना नवी आणायला सांगितलं. मी बँकेतून सुटल्यावर आम्ही दोघं कॅम्प चारमधल्या एका सिंधी दुकानदाराकडे गेलो. त्यानं पलंगाचा साइज विचारला. आतोबांनी जाळी उजेडाकडे धरली आणि विचारलं, "इसमेंसे गांधीलमाशी जायेगी क्या?" दुकानदाराला तो शब्द कळेना. मग आतोबांनी तोंडानं घूं घूं आवाज काढून, बोटाची नांगी करून माशी उडवून दाखवली. दुकानदार शांतपणे म्हणाला, "साईं, इसमें मच्छर नहीं घुसता." मला तेव्हाच शंका यायला हवी होती. त्या आठवड्यात गांधीलमाश्या अळ्या उचलून नेत होत्या, आणि घरी पोचताच आतोबांनी मच्छरदाणी रुईवर चढवली. फक्त आजच्या दिवस, असं ते आत्याला म्हणाले. ती महिनाभर तिथेच राहिली. रुई जाळीत झोपे आणि ही दोघं उदबत्ती लावून.

मग आत्याला ताप आला. थंडी वाजून, दात वाजत, चढत गेलेला ताप. रक्त तपासलं तर मलेरिया, आणि तोही साधा नाही. दुसऱ्या दिवशी ती बरळायला लागली, आम्हा कुणालाही ओळखेना, तेव्हा तिला स्टेशनजवळच्या एका नर्सिंग होममध्ये दाखल केलं. डॉक्टर म्हणाले, आता काही सांगता येणार नाही, बघू.

मला वाटलं होतं, आतोबांना सांभाळणं कठीण जाणार. पण चप्पल ओल्या जागी ठेवली म्हणून जीव टांगणीला लावणारा हा माणूस तिच्या कॉटशेजारच्या स्टुलावर अगदी गप्प बसला. सलाइनची बाटली किती उरली हेसुद्धा त्यांनी नर्सला विचारलं नाही. मला ते बघवेना. येताना त्यांनी रुईवरची मच्छरदाणी ओढून काढून, घडी करून पिशवीतून आणली होती. नर्सिंग होमच्या खिडक्यांना जाळ्या होत्या, तिची काही गरज नव्हती. तरी ती पिशवी मांडीवर धरून ते बसून होते. बिल्डिंगमधले भेटायला आले ते डास त्या झाडीमुळेच झाले असं बोलून गेले. ते गेल्यावर आतोबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "ती झाडं तोडून टाक." मी हो म्हटलं. घरी जाऊन कोयताही काढला, पण पानांवर अळ्या होत्या. माझा हात चालला नाही. मी कोयता जागेवर ठेवून दिला.

चौथ्या-पाचव्या दिवशी ताप उतरला. आत्यानं डोळे उघडून पेज मागितली, आणि दोन चमचे पोटात गेल्यावर विचारलं, "अळ्या कशा आहेत?"

आतोबा भिंतीकडे बघू लागले. झाडं तोडायला सांगितलीत, असं म्हणाले. आत्यानं माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणून मान हलवली. ती म्हणाली, "डास गटारातनं आला. मला काही अळी चावलेली नाही. आणि मच्छरदाणी मीपण परत मागितली नव्हती ना. मला आवडायचं, तुम्ही तिथे खुडबुडत असायचात ते."

आतोबांनी पिशवी खाली ठेवली आणि बाहेरच्या पॅसेजमध्ये गेले. परत आले ते नर्सला घेऊनच, सलाइनमध्ये बुडबुडा दिसतोय म्हणून. मला एकदम हायसं वाटलं.

तिला घरी आणलं तेव्हा रुईला एक पान शिल्लक नव्हतं, नुसत्या काड्या. अळ्याही नव्हत्या. गांधीलमाश्यांनी सगळ्या नेल्या असंच आम्हाला वाटलं. आत्याला थोडं ऊन मिळावं म्हणून मागच्या दारी लाकडी खुर्चीवर बसवलं. तिचं पांघरूण खोचायला आतोबा वाकले आणि तसेच वाकून राहिले. खुर्चीच्या खाली कोश होता. मग एक पाण्याच्या पाइपमागे दिसला, एक खिडकीच्या गजाला, एक तर कपडे वाळत घालायच्या तारेवर, चिमट्यांच्या ओळीत. पोटभर खाऊन अळ्या कोशासाठी जागा शोधत निघून गेल्या होत्या. खुर्चीखालचा काळसर पडला होता, आतले केशरी पंख दिसत होते. म्हणजे आता कुठल्याही क्षणी. आतोबांनी आत्याला बजावलं की हलायचं नाही. दवाखान्यातून नुकती आलेली ती बाई अंग चोरून बसून राहिली. पेज तिथेच, गोळ्या तिथेच. ती शिंकली तेव्हा त्यांनी मोठ्या कष्टानं राग आवरला. दुपार व्हायच्या आत फुलपाखरू बाहेर आलं, ओले पंख खाली सोडून लटकत राहिलं, सुकलं, आणि भिंतीवरून पलीकडे गेलं. तोवर आतोबा तिच्या पायाशी जमिनीवर बसले होते, आणि तिचा हात त्यांच्या खांद्यावर होता.

पुढे ते रिटायर झाले. अंबरनाथच्या सोसायटीनं मागची जागा फरशी घालून स्कूटरींसाठी घेतली, आणि ती दोघं बदलापूरला राहायला गेली. तिथे प्लॉटाच्या कडेनं रुई आपली आपणच उगवते. तरी आतोबांनी दारात लावलीच, कारण बाहेरच्या रुईवर लक्ष कोण ठेवणार. तिथलीही त्यांची तीन-चार वर्षं चांगली गेली. मग एका हिवाळ्यात, कुणाला काळजी करायला वेळ न देता, दुपारच्या झोपेतच ते गेले.

त्यानंतरच्या पावसाळ्यात एका रविवारी आत्याचा फोन आला. तब्येत बरी आहे म्हणाली, जेवणखाण व्यवस्थित आहे म्हणाली.

"रुईवर अळ्या आल्यात रे," ती म्हणाली. "मला काही नीट काळजी करता येत नाही. तू येऊन जा."