डावा डोळा

शेवटचा चहा आम्ही भांडतच प्यायलो. बायको पडवीत भिंतीला टेकून, मी पोराच्या चित्रासमोर. सगळा चेहरा झाला होता, डोळे तेवढे राहिले होते. आमच्या हमरापुरात गणपतीचेही डोळे शेवटीच आखतात.

पोरगा सरहद्दीवरच्या लढाईत गेला त्याला बरीच वर्षं झाली. आता गावातल्या शाळेला त्याचं चित्र लावायचं होतं. फोटो एकच, भरतीला जाण्याआधी रोह्याला काढलेला. तो समोर ठेवून मी डोळे आखले.

ती म्हणाली, "ह्यो आपला नाय. डावा डोळा बारीक होता त्याचा."

"फोटोत दोन्ही सारखे हायत गो."

"फोटोवाल्यानं केले सारखे, पेन्सिल फिरवून. लहानपणी भाताची लोंबी टोचलेली, पापणी खाली यायची. इसरलात?"

मला आठवतच नव्हतं. पोरगा डोळ्यांपुढे आणला की तो फोटोच यायचा, केस चापून बसवलेला, सरळ बघणारा. त्याचं हसणं, चिडणं, जेवायला बसणं, सगळं त्या फोटोनं खाल्लं होतं. खरा पोरगा तिच्याकडंच उरला होता.

"गणपती केलात त्याचा," ती म्हणाली. "जन्मभर तेच आखलंत, हाताला दुसरं येतंय कुठं! तुमी बाप की मूर्तीवाले?"

"मग तूच ये नि काढ."

ती उठली. खरंच उठली, आणि कपाजवळच वाकली, छातीवर हात दाबून. गाडी पेणला पोचेपर्यंत ती संपली होती. दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं.

सकाळी घर माणसांनी भरलेलं. मी चित्र उजेडात ओढलं. चिंधी घासलेटात बुडवून डावा डोळा पुसला नि ब्रश उचलला.

मेहुणी ओरडली, "ओ भावोजी, सुतकात रंगाला हात लावता?"

बरोबर होतं तिचं. सुतकात आम्ही मूर्तीला शिवत नाही, कारखाना बंद ठेवतो.

"देवाला नाय लावत," मी म्हटलं. "पोराला लावतोय."

पापणी खाली घेतली. कमी वाटली. आणखी घेतली.

"एवढी होती का गो?"

"मला नाय आठवत, भावोजी."

ती टेकून बसली होती त्या भिंतीकडं मी बघितलं. मग फोटो पालथा घातला नि पापणी अजून जराशी खाली आणली.