सीडी कोण लावणार?

धाराशिवच्या एका लॉ कॉलेजात मी ग्रंथपाल होते. कोर्टाचे जुने निकाल ज्या सीडीत होते ती आमच्याकडे एकच, आणि ती चालायची माझ्या टेबलावरच्या विंडोजच्या कॉम्प्युटरवर. वाचनालयातले बाकीचे सहा कॉम्प्युटर लिनक्स या वेगळ्या प्रणालीचे. त्यांना माझी सीडी दिसायचीच नाही. महिनाभर डोकेफोड करून मी ती नेटवर्कवरून त्यांच्यावर दिसेल असं केलं आणि स्वतःवरच खूश झाले.

पण संध्याकाळी शिपाई मावशींनी मेन स्विच बंद केला की सगळं तुटायचं. रोज सकाळी सहाही ठिकाणी जाऊन एक लांबलचक ओळ टाइप करावी लागे, तेव्हा सीडी जोडली जायची. ती ओळ लिहिलेली चिठ्ठी माझ्या पर्समध्ये असायची. मी ती कुणाला दाखवली नाही. पाहुणे आले की प्राचार्य म्हणायचे, "या मॅडम आहेत म्हणून चाललंय." मला ते गोड लागायचं.

दिवाळीनंतर गावी, जळकोटला, वडिलांना अर्धांगवायू झाला. जीभ जड झाली, पुढेही लहान झटके येत राहिले आणि बोलणं दर आठवड्याला कमी होत गेलं. मला फक्त रविवारी जाता यायचं. महिन्याची रजा मागितली तर प्राचार्य म्हणाले, "जा की. पण सीडी कोण लावणार? परीक्षा तोंडावर आल्यात."

तेव्हाही मी चिठ्ठी बाहेर काढली नाही. ती दिली तर मला इथं कोण विचारणार, ही भीती. पुढचा दीड महिना रोज सकाळी त्या कॉम्प्युटरांपुढे वाकत राहिले, आणि राग मात्र मी प्राचार्यांवर काढायची.

एका रविवारी वडील मला हाक मारायला धडपडले. ती त्यांना जमली नाही. सोमवारी मी चिठ्ठी मावशींपुढे ठेवली. एकेक अक्षर शोधत त्यांनी ओळ टाइप केली आणि निकालांची यादी समोर आली.

"एवढंच व्हय, मॅडम?" त्या म्हणाल्या. "मग आधी का न्हाय सांगितलं?"

रजा त्याच दुपारी मंजूर झाली.

घरी पोचले तोवर वडिलांचं बोलणं पुरतं बंद झालं होतं. आई त्यांच्या उशाशी बसून कौतुकानं सांगत होती, "बघा, तुमची लेक रजा काढून आली. तिच्याबिगर तिथलं पान हलत न्हाय." वडिलांनी चांगल्या हातानं माझा हात दाबला. त्यांच्या डोळ्यांत अभिमान होता. मी खरं सांगितलं नाही.