बाबांचं पान

मोतीबिंदूचं दुसरं ऑपरेशन झालं आणि बाबांना वाचायचं वेड लागलं. रामदासपेठेतल्या दवाखान्यातून बेसा भागातल्या आमच्या घरी येईपर्यंत त्यांनी रस्त्यावरची एक पाटी सोडली नाही. पुढच्या दोन आठवड्यांत औषधांच्या खोक्यांतले कागद, सोसायटीच्या सूचना, पोह्यांच्या पाकिटामागचा मजकूर, सगळं वाचून संपलं. शनिवारी म्हणाले, "घरात वाचाले काहीच नाही का गा?" मी उत्साहाच्या भरात लॉफ्टवरची पेटी उतरवली आणि माझं लहानपणीचं सुपरहिरोंचं परिचयपुस्तक त्यांच्या हातात ठेवलं. मी सहावीत असताना त्यांनीच घेऊन दिलं होतं. "बघा, अजून जपून ठेवलंय," असंही वर ऐटीत म्हणालो. माझ्यासारखा मूर्ख मीच.

पुस्तक हिंदीतलं. एका पानावर एक वीर. वर रंगीत चित्र, खाली खरं नाव, मग शक्ती आणि शेवटी कमजोरी. छापणाऱ्यांनी कोणालाच सोडलं नव्हतं. डोंगर उचलणाऱ्याला पाणी सोसत नसे, भिंतीतून आरपार जाणारा अंधारात लटपटायचा. मला तेव्हा शक्तींपेक्षा कमजोऱ्याच जास्त पाठ होत्या.

रविवारी सकाळी दाढी करताना मला त्या पुस्तकातलं एक पान आठवलं.

बाबा वाडीतल्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात कारकून होते. ट्रकमधून आलेल्या मालाच्या पावत्या, म्हणजे बिल्ट्या, तपासायचं त्यांचं काम. एकदा सुटीच्या दिवसांत मी त्यांचा डबा घेऊन गेलो. मालाचे दोन गठ्ठे कमी आले होते आणि मालक सगळ्या हमालांसमोर बाबांना वाट्टेल ते बोलत होता. चूक त्यांची नव्हती, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी बाबा हात जोडून उभे. मी डबा टेबलावर ठेवला आणि पळत सुटलो. घरी येऊन वहीचा कागद फाडला, हात जोडलेल्या बाबांचं चित्र काढलं. खाली लिहिलं, शक्ती: काही नाही. कमजोरी: सगळ्यांना भितो. मग डिंक लावून ते पान पुस्तकाच्या मधोमध चिकटवलं. इतका राग मला नंतर कधी कोणाचाच आला नाही, त्या मालकाचासुद्धा.

तोंडावरचा फेस तसाच पुसून मी बाहेर आलो. बाबा बाल्कनीत खुर्चीवर बसले होते, पुस्तक मांडीवर. बोटाला थुंकी लावायची, पान उलटायचं, वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत वाचायचं, मग पुढचं. मी मागून डोकावलो. माझं पान चार-पाच पानांवर येऊन ठेपलं होतं.

"बाबा, चहा घेता?"

"झाला."

"खाली एक चक्कर मारू या?"

"थांब ना गा, वाचून राहिलो मी."

आणखी एक पान उलटलं. त्या म्हाताऱ्या माणसाने, डोळे नुकते साफ झालेले असताना, स्वतःबद्दल हेच वाचायचं का? माझा जीव टांगणीला लागला होता. शेवटी ते बाथरूमला जायला उठले. दाराची कडी वाजल्याबरोबर मी पुस्तकावर झडप घातली, ते पान टरकन ओढलं आणि घडी करून खिशात कोंबलं. चोरी करून सोफ्यावर येऊन बसलो, पेपर उघडला.

ते परत आले, बसले, वाचू लागले. एक पान. दुसरं. तिसरं. मग थांबले. शिवणीला कागदाची बारीक पट्टी राहिली होती, तिच्यावरून त्यांनी बोट फिरवलं.

"इथलं पान कुठं गेलं?"

"जुनं पुस्तक आहे बाबा. गळून पडलं असेल."

"काल होतं."

पावत्यांचा गठ्ठा हातात आला की वाचायच्या आधी एकेक पान बघून मोजून घ्यायचं, ही त्यांची गोदामातली सवय. आयुष्यभर पाहिलेली, आणि नेमकी तीच मी विसरलो होतो. त्यांनी ते शनिवारीच पाहिलं होतं. रात्री माझ्या शेजारी बसून जेवले होते, वरणात मीठ कमी आहे म्हणाले होते.

मी खिशातलं पान काढून दिलं. "लहान होतो बाबा मी. चुकलं माझं." लाजेने मान वर होत नव्हती.

त्यांनी ते गुडघ्यावर ठेवून तळहाताने सरळ केलं. चष्मा नीट बसवून पुन्हा वाचलं, एकेक अक्षर.

"फाडलं काहून? खोटं काही नाही लिहिलं तू. भेतच होतो मी त्याले. लय भेत होतो."

ते चित्राकडे पाहत राहिले.

"पन दुसऱ्या दिवशी सकाळी परत गेलो ना गा कामावर," ते म्हणाले. "तेवढं लिहाचं राह्यलं तुह्याकडून."